ड्रिल, बॅटरी आणि अण्णांचा नियम

खंडेनवमीला पाटावर काय काय मांडायचं याची आमच्या घरची यादी दर वर्षी लांबतच चालली आहे. सांगलीला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाटावर पाने, पक्कड, हातोडी, सोल्डरिंग आयर्न आणि आईची विळी एवढंच असायचं. मेलबर्नला आमच्या पाटावर माझा लॅपटॉप, बायकोची शिवणाची कात्री, मुलीचा कंपास बॉक्स, मल्टिमीटर आणि एक कॉर्डलेस ड्रिल असतं. गेल्या वर्षी हळदकुंकू वाहताना माझ्या बारा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, या ड्रिलला तर बॅटरीच नाही. मग आपण पूजा कशाची करतोय?"

मी "बॅटरी खराब झाली, नवीन आणायची आहे" असं काहीतरी पुटपुटून आरतीला सुरुवात केली. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरी गोष्ट सांगायची तर त्यात माझी फारशी शोभा नाही. तरीही ती इथे सांगतो आहे, कारण आपल्या प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये असं एखादं ड्रिल आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी जुनी वस्तू दुरुस्त करून कुणाला तरी दिलेली आहे.

इथे आल्यावर पहिल्या वर्षभरातच आपण सगळे सुतार होतो. पडद्याची काठी बसवायला माणूस बोलावला तर त्याच्या मजुरीत पडदे, काठी आणि खिडकीही येईल की काय असं वाटतं! भिंतीतल्या वायरिंगला परवानाधारक इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावायचा नाही हा इथला कायदा. पण बाकी भोकं पाडायला आपण मोकळे. शनिवारी बनिंग्जमध्ये जायचं, बाहेर सॉसेज भाजण्याचा वास घेत (शाकाहारी मंडळींनी नुसता कांदा-ब्रेड खात) आत शिरायचं आणि अठरा व्होल्टचं ड्रिल घेऊन बाहेर पडायचं, हा इथल्या गृहस्थाश्रमातला जवळजवळ सोळा संस्कारांपैकीच एक म्हणायला हरकत नाही.

माझ्या ड्रिलबरोबर दोन बॅटऱ्या होत्या. पाच-सहा वर्षं दोन्ही उत्तम चालल्या. मग एका उन्हाळ्यात त्यातली एक चार्जरवर ठेवली की लाल आणि हिरवा दिवा आळीपाळीने लुकलुकायला लागला. माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ दिला होता: बॅटरी सदोष आहे, बदला. नवीन बॅटरीची किंमत पाहिली, तर त्यात थोडे पैसे घातले की दुसरं आख्खं ड्रिल बॅटरीसकट येत होतं! मनात म्हटलं, हे काही खरं नाही. आपण आयटीतली माणसं. मशीनने एरर दाखवली म्हणून लगेच मशीन फेकून देत नाही. आधी मूळ कारण शोधायचं.

ते कसं शोधतात हे थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना उपयोगी आहे आणि त्यात धोका काहीच नाही. पहिली पायरी अदलाबदलीची. चांगली बॅटरी त्याच चार्जरवर लावून बघायची. तीही चार्ज होत नसेल तर दोष चार्जरचा. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी नको. दुसरी पायरी तापमानाची. जानेवारीत आपली पत्र्याची गॅरेजं तापतात आणि तापलेली बॅटरी चार्जर मुद्दामच घेत नाही. तासभर घरात सावलीत ठेवली की बरेचदा सगळं सुरळीत होतं. लाकडात दणादण स्क्रू मारून गरम झालेल्या बॅटरीचंही तेच. कडाक्याच्या थंडीतही चार्जर अडून बसतो, कारण शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते. तिसरी पायरी स्वच्छतेची. लाकडाचा भुसा आणि धूळ बॅटरीच्या पट्ट्यांवर बसते. कोरड्या फडक्याने ती पुसायची. चौथी पायरी मल्टिमीटरची.

इथे थोडं पोटात शिरावं लागेल. अठरा व्होल्टच्या बॅटरीच्या डब्यात एक बॅटरी नसते. आपल्या लहानपणच्या टॉर्चच्या सेलसारखे, पण त्याहून सडपातळ असे पाच लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मोठ्या बॅटरीत सेलच्या पाच जोड्या, म्हणजे दहा सेल असतात. प्रत्येक सेलचा दाब ३.६ व्होल्ट धरतात, म्हणून पाच गुणिले ३.६, अठरा. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणजे डबा २१ व्होल्टचा होतो. अमेरिकेतल्या भावाने वीस व्होल्टचं ड्रिल घेतलं म्हणून आपण खट्टू व्हायचं कारण नाही. बहुतेक वेळा बॅटरी त्याच जातीची असते, फक्त तिथे भरलेल्या घागरीचं माप सांगतात. ही साखळी असल्यामुळे एक सेल दगावला की आख्खा डबा मेल्यासारखा होतो, बाकीचे नऊ ठणठणीत असले तरी. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

माझ्या बॅटरीचा दाब आठ व्होल्ट भरला. म्हणजे ती फार खोलवर रिकामी झाली होती, आणि एवढी रिकामी बॅटरी चार्जर स्वीकारत नाही. हे कळलं आणि माझ्यातले अण्णा जागे झाले.

अण्णा एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आमच्या घरात 'टाकून दे' हा शब्दप्रयोग फक्त केरापुरता होता. टॉर्चचे सेल संपले की ते दोन दिवस अंगणात उन्हात पडायचे, मग आणखी आठवडाभर मिणमिणायचे. गल्लीतले स्टोव्ह, इस्त्र्या, ट्रान्झिस्टर रविवारी आमच्या ओट्यावर रांग लावून बसायचे. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. वस्तूवर लगेच काट मारणं हे अण्णांना माणसावर काट मारण्याइतकंच वाईट वाटायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाला लुकलुकणाऱ्या दिव्याने 'बदला' म्हणून सांगावं म्हणजे काय?

अशी बॅटरी जागी करायची एक युक्ती आहे. ती कशी करतात हे मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढे कळेल. तिचं सार एवढंच, की चार्जरच्या पहारेकऱ्याला चकवून बॅटरीत थोडी ऊर्जा घालायची, म्हणजे मग तो तिला दारातून आत घेतो. मी ती केली. आठाचे सोळा व्होल्ट झाले. चार्जरवर ठेवली, दिवा नेहमीसारखा जळू लागला आणि तासाभराने हिरवा झाला. मी बायकोला बोलावून दाखवलं, मुलीला दाखवलं. मेलेली वस्तू जिवंत केल्याचा आनंद काय असतो हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. ऑफिसात वर्षभर झटून अपग्रेड केलेल्या सिस्टीमने तो मला कधी दिला नाही.

दोन आठवड्यांनी आमच्या मंडळात नवीन आलेलं एक कुटुंब भेटलं. नाशिकचा तरुण मुलगा, त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी. टार्निटला भाड्याने घर घेतलेलं, फर्निचरची खोकी अजून बांधलेलीच. मी म्हटलं, "नवीन काही घेऊ नकोस रे. माझ्याकडे ड्रिल आहे, घेऊन जा. काम होईपर्यंत ठेव." जाताना त्याच्या हातात ड्रिल, चार्जर आणि ती बॅटरी दिली. चांगली बॅटरी मी माझ्याकडे ठेवली, कारण ती माझ्या दुसऱ्या एका यंत्राला लागायची. ती बॅटरी एकदा मेली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही आहे असं मनातच आलं नाही.

महिन्याभराने रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. लाँड्रीत बॅटरी चार्जिंगला लावलेली. जळका, गोडसर वास आला म्हणून तो गेला, तर डबा फुगलेला आणि हात लावता येणार नाही इतका गरम. त्याने भिंतीतलं बटण बंद केलं आणि झाडूने ढकलत ढकलत तो डबा बाहेर ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर नेला. तिथे तो फुसफुसला, भरपूर धूर आला आणि थांबला. लाँड्रीच्या भिंतीपलीकडे मुलगी झोपली होती. (असं कुणाच्या घरी झालं तर त्याच्यासारखं करू नका. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर काही सेकंदांत ज्वाळा येतात आणि तिचा धूर विषारी असतो. सगळ्यांनी बाहेर पडायचं, जमलं तर दार ओढून घ्यायचं आणि तीन शून्यांवर फोन करायचा.)

पण त्याने फोन तक्रार करायला केलाच नव्हता. तो म्हणाला, "दादा, सॉरी. तुमची बॅटरी माझ्या हातून खराब झाली. उद्याच नवीन आणून देतो."

मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग "जाऊ द्या दादा, कुणाला काही झालं नाही ना" म्हणाला. त्याच्या बायकोने चहा केला. पण कप ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. माझं नेमकं चुकलं काय?

पहिलं उत्तर सोपं आहे: दुरुस्तीच करायला नको होती. नियमाप्रमाणे बॅटरी सदोष होती, बदलायला हवी होती. पण हे उत्तर मला पटत नाही. दुरुस्त करू नये हा नियम झाला तर जगातली प्रत्येक वस्तू तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकीच जगेल. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर चौकशी केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. वस्तू दुरुस्त करण्यात ग्राहकापुढे गरज नसताना उभे केलेले अडथळे आहेत हे त्याने मान्य केलं. एक सेल दगावला म्हणून नऊ चांगले सेल फेकायला लावणारी रचना अण्णांना पाप वाटली असती, आणि मलाही वाटते.

दुसरं उत्तर तांत्रिक आहे: दुरुस्ती चुकीची होती. हे खरं आहे. आणि ते कसं खरं आहे हे कळल्यावर मला आणखी वाईट वाटलं. १९६१ साली पहिलं कॉर्डलेस ड्रिल बाजारात आलं ते निकेल-कॅडमियम सेलवर चालणारं. पुढे चाळीसेक वर्षं हेच सेल घरोघरी होते. ते रांगडे होते. पूर्ण रिकामे झाले तरी चालायचं. उलट अधूनमधून पूर्ण रिकामे करा असा सल्ला असायचा. अडून बसले तर झटका देऊन जागे करण्याच्या युक्त्याही होत्या. कॅडमियम विषारी म्हणून युरोपीय संघाने २०१६ अखेर अशा हत्यारांमध्येही त्यावर बंदी आणली. तोपर्यंत लिथियमने त्याची जागा घेतलीच होती. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, २००५ पासून ती ड्रिलमध्ये शिरली, आणि तिच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलकी, ताकदवान, पण नाजूक. ती फार खोल रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर सेलच्या आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. शिवाय पाचांपैकी एक जोडी दुबळी राहिली आणि बेरीज मात्र एकवीसच भरायची असली, तर उरलेल्या चारांत मर्यादेपेक्षा जास्त भरलं जातं. मी बेरीज मोजली होती. पाच आकडे वेगवेगळे मोजले नव्हते.

म्हणजे मी जुन्या जगातली सवय नव्या जगात तशीच आणली. टॉर्चचे सेल उन्हात ठेवणं ही त्या सेलच्या बाबतीत काटकसर होती. लिथियमच्या बाबतीत तोच आडमुठेपणा झाला. देश बदललेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

पण तांत्रिक चूक म्हणजे नैतिक चूक नव्हे. समजा, मी ती बॅटरी माझ्याच गॅरेजमध्ये वापरली असती आणि ती तिथे फुगली असती. तर मला कुणी मूर्ख म्हटलं असतं, वाईट म्हटलं नसतं. (बायकोने दोन्ही म्हटलं असतं, आणि तिचंही खरं, कारण ती आणि मुलगी त्याच घरात झोपतात.) माझं चुकलं ते दुरुस्ती करण्यात नव्हे, बॅटरी माझ्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाताना. जोखीम घेणं आणि जोखीम देणं यात फार मोठा फरक आहे, आणि तो मी पाहिलाच नाही. धोका पत्करायचा निर्णय माझा, त्याचं कौतुक माझं, आणि धोका मात्र त्या तीन वर्षांच्या मुलीच्या उशाशी.

कुणी म्हणेल, सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पूर्ण मिटला असता का? मी त्याला म्हटलं असतं, "अरे, ही बॅटरी मी जागी केलीय, जरा जपून", तर तो काय म्हणाला असता? "दादा, तुम्ही दिलीय म्हणजे चांगलीच असणार." परदेशात नवीन आलेला माणूस आपल्या माणसाने दिलेली वस्तू तपासून घेत नाही. आपल्या विश्वासाने त्याचे डोळे मिटलेले असतात. म्हणून त्याच्या वाटणीचं तपासणंही देणाऱ्यावरच येऊन पडतं. अनोळखी माणसाला विकताना जेवढी काळजी घ्यायची त्यापेक्षा जास्त काळजी ओळखीच्या माणसाला फुकट देताना घ्यावी लागते. आपण नेमकं उलटं करतो. फुकट दिलं म्हणजे जबाबदारी संपली, असं आपल्याला वाटतं.

मला कठोपनिषदातला नचिकेत आठवला. त्याचे वडील वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला निघाले, आणि दानात गाई दिल्या त्या अशा, की ज्यांचं शेवटचं गवत खाऊन झालं होतं आणि शेवटचं दूधही देऊन झालं होतं. दानाचा आकडा भरला, पण मुलाच्या मनात खुपलं. आपण ही गोष्ट यम आणि आत्मज्ञान यांच्यासाठी ऐकतो. तिची सुरुवात दात्याच्या अशा सोयीस्कर दानातून होते हे विसरतो. गाई म्हाताऱ्या होत्या हा दोष नव्हता. म्हाताऱ्या गाईला सांभाळणं हे पुण्यच. आपल्याला न परवडणारा भार दान म्हणून दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायचा आणि वर दाता म्हणवून घ्यायचं, हा दोष होता. चांगली बॅटरी घरी ठेवून दुसरी पुढे करताना मी वेगळं काय केलं होतं? आणि वडिलांना अडचणीचा प्रश्न विचारणारं लेकरू माझ्याही घरात होतंच.

आपल्या मंडळातली देवाणघेवाण आठवून पाहा. पाळणे, कुकर, हीटर, सायकली वर्षानुवर्षं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात, आणि हे फार चांगलं आहे. नव्या कुटुंबाची पहिली सहा महिन्यांची गुजराण त्यावर होते. पण मुलांची कार सीट घ्या. ती एखाद्या अपघातात सापडलेली असेल तर वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते, आणि दहा वर्षांहून जुनी सीट वापरू नये असा इथे सल्ला देतात. तिचा इतिहास कोणाला माहीत असतो? फक्त देणाऱ्याला. घेणाऱ्याला रंग आणि पट्टे दिसतात. वस्तू देताना आपण तिचा इतिहास दिला नाही तर आपण अर्धीच वस्तू दिली, आणि धोका मात्र पूर्ण दिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भानगड नकोच. खराब बॅटरी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकावी आणि सुटावं. मलाही त्या रात्रीनंतर पहिला विचार हाच आला. पण जरा पुढे जाऊन पाहिलं तर हीसुद्धा तीच चूक आहे, फक्त घेणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. डब्यातली बॅटरी ट्रकमध्ये जाते, तिथे ती दाबून चिरडली जाते आणि पेटते. २६ डिसेंबर २०२२ च्या रात्री कॅनबेराजवळच्या ह्यूम इथलं पुनर्वापरासाठी कचरा वेगळा करणारं केंद्र आगीत नष्ट झालं. आग लिथियम बॅटऱ्यांमुळे लागली असं मानलं गेलं. त्या कुणाच्या होत्या हे कुणालाच कळणार नाही. टाकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटलं असेल की आपल्या घरातली पीडा टळली. पीडा टळली नव्हती, अंगण बदललं होतं.

व्हिक्टोरियात १ जुलै २०१९ पासून प्लग, वायर किंवा बॅटरी असलेली कुठलीही वस्तू कचऱ्याच्या डब्यात टाकायला बंदी आहे. २०२२ पासून देशभर 'बी-सायकल' ही बॅटऱ्या गोळा करण्याची योजना चालू आहे. बनिंग्जमध्ये आणि अनेक सुपरमार्केटांत तिचे डबे असतात. बॅटरीच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावायची आणि तिथे नेऊन द्यायची, एवढंच काम. फुगलेली किंवा गळणारी बॅटरी मात्र त्या डब्यातही टाकायची नाही. ती घराबाहेर, जळेल अशा वस्तूंपासून दूर ठेवून कौन्सिलला फोन करायचा. उत्पादकांनीही आपला वाटा उचलावा म्हणून न्यू साउथ वेल्सने २०२५ मध्ये कायदा केला आहे. ते योग्यच आहे. डबा असा बांधायचा की एक सेल बदलता येऊ नये, आणि मग ग्राहकाला काटकसर शिकवायची, हे चालणार नाही. पण कंपनीचा वाटा मोठा आहे म्हणून माझा वाटा शून्य होत नाही.

या सगळ्या विचारात मला अण्णांच्या ओट्यावरची एक गोष्ट आठवली, जी मी इतकी वर्षं विसरलो होतो. दुरुस्त केलेली वस्तू अण्णा लगेच परत देत नसत. शेजारच्या काकूंचा स्टोव्ह असो की मास्तरांची इस्त्री, ती आधी चार दिवस आमच्या घरात चालायची. काकू घाई करायला लागल्या तर अण्णा म्हणायचे, "आधी आमच्याकडे पेटू दे, मग तुमच्याकडे." आम्हाला तो विनोद वाटायचा. आणि परत देताना ते काय बिघडलं होतं, काय केलं आणि कशावर लक्ष ठेवायचं हे सांगायचे. काही वस्तू मात्र ते "ही माझ्या आवाक्यातली नाही" म्हणून सरळ परत करायचे. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला लहानपणी कमीपणा वाटायचा.

मी अण्णांकडून दुरुस्त करणं घेतलं, हे चार दिवस घेतले नाहीत. आणि गंमत अशी, की तो नियम त्या बॅटरीला तंतोतंत लागू पडला असता. आतून शॉर्ट व्हायला लागलेला सेल नुसता ठेवला तरी आपोआप उतरत जातो. मी ती बॅटरी चार्ज करून गॅरेजच्या फरशीवर आठवडाभर ठेवली असती आणि रोज मोजली असती, तर कदाचित तिने स्वतःच सांगितलं असतं की मी बरी झालेली नाही.

ऑफिसात आम्ही याहून वेगळं काय करतो? तात्पुरती मलमपट्टी केलेला प्रोग्रॅम ग्राहकाला न सांगता, न तपासता दिला तर माझी नोकरी जाईल. ज्ञात दोष लिहून द्यावे लागतात. पगार घेऊन काम करताना जी शिस्त पाळतो ती प्रेमाने काम करताना सोडून देतो, कारण आपला हेतू चांगला असतो. चांगला हेतू ही फार मोठी सबब आहे. ती दुसऱ्याला देण्याआधी आपण स्वतःलाच देतो.

इथे विजेच्या उपकरणांना 'टेस्ट अँड टॅग' करतात. ऑफिसातल्या किटलीच्या वायरीलासुद्धा एक छोटं लेबल असतं: कधी तपासलं, कोणी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. बरीच ऑप शॉप्स विजेच्या वस्तू दानातही घेत नाहीत, ती यासाठीच. पूर्वी मला हे भित्रेपणाचं वाटायचं. चांगली चालणारी इस्त्री नाकारतात म्हणजे काय! आता त्या लेबलात मला सांगलीचा ओटा दिसतो. कुणीतरी आपलं नाव घालून म्हणतंय की हे मी पाहिलं आहे.

आमच्या घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आता मी एक चिठ्ठी लावतो. ती काही कायद्याचा टॅग नव्हे. वस्तू कधी घेतली, काय बिघडलं होतं, काय केलं, आणि खाली माझं नाव. हे लिहायला लागल्यापासून दोन वस्तू मी देता देता थांबलो, कारण 'काय केलं' या रकान्यात लिहिताना मलाच लाज वाटली. बॅटरीला हात लावणं मी सोडून दिलं आहे. अदलाबदल, सावली, फडकं आणि मल्टिमीटर, या चार पायऱ्यांवर जमलं तर जमलं. पुढे माझ्या आवाक्यातलं नाही. हे वाक्य आता मला म्हणता येतं.

ड्रिल त्याने परत आणून दिलं. माझी उरलेली चांगली बॅटरी मी त्याला देऊ केली, ती त्याने घेतली नाही. मीही आग्रह केला नाही. त्याने पुढच्याच आठवड्यात स्वतःचं नवीन ड्रिल घेतलं, आणि आता त्याची मुलगी बालवाडीत जाते.

यंदाच्या खंडेनवमीला मी लेकीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि कंपास बॉक्समधली पट्टी काढून एका कागदाचा चौकोन कापला. त्यावर तिच्या वळणदार मराठीत लिहिलं: "या ड्रिलला बॅटरी नाही. का नाही ते बाबांना विचारा." आणि ती चिठ्ठी ड्रिलला दोऱ्याने बांधून तिने त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.